फ्रेनीच्या पाच घंटा

लँकेस्टर ते पिट्सबर्ग या रस्त्यावर कुठेही माझी गाडी थांबली, की खाणावळीचा मालक बाहेर येतो आणि आधी घोडीची चौकशी करतो. फ्रेनी बरी आहे ना, चढावर दमली नाही ना, तिला गरम कोंडा देऊ का. हे सगळं झालं की त्याच्या लक्षात येतं की घोडीबरोबर एक माणूसही आलेला आहे. तो माणूस मी, योस्ट हॉलिंगर. मलाही जेवायला मिळतं, नाही असं नाही, पण दुसऱ्या पंगतीला.

याला कारण मीच आहे, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार? फ्रेनीच्या मानेवर पाच पितळी घंटा आणि बाकीच्या घोड्यांच्या माना मात्र रिकाम्या, हे पाहून प्रत्येक नवा माणूस कारण विचारतोच. पूर्वी मी काहीतरी थाप मारायचो. आता सरळ खरं सांगतो. खरं सांगायला वेळ कमी लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

सहा वर्षांपूर्वी ही गाडी माझ्या सासऱ्यांची होती. उलरिक बॅल्मर त्यांचं नाव. होडीसारख्या बुडाची निळी गाडी, तांबडी चाकं, वर पांढरा टप आणि पुढे सहा घोडे, असा थाट घेऊन त्यांनी एकतीस वर्षं ही वाट तुडवली. मग गुडघे गेले, नजर अधू झाली, आणि त्यांनी लगाम माझ्या हातात दिला. फक्त लगाम. गाडीच्या डाव्या अंगाला हत्यारांची पेटी असते आणि तिच्या झाकणावर धन्याचं नाव रंगवलेलं असतं. झाकणावर 'बॅल्मर' हेच नाव राहिलं. सासरे म्हणाले, जावईबापू, एक हंगाम घंटा सांभाळून दाखवा, मग झाकणावर तुमचं नाव घालू.

घंटांचं असं आहे. पुढच्या जोडीच्या मानेवरच्या कमानीत पाच-पाच, मधल्या जोडीला चार-चार आणि मागच्या उजव्या घोड्याला तीन. मागच्या डाव्या घोड्यावर गाडीवान बसतो, तो स्वतःच पुरेसा आवाज करतो म्हणून त्या घोड्याला घंटा नाहीत. एकूण एकवीस. अवघड जागी दोन गाडीवानांनी आधीच जनावरं जोडून घेतली तर ती शेजारधर्माची मदत, तिची मोजदाद नाही. पण गाडी रुतून बसली आणि दुसऱ्याने ती ओढून काढली, तर आपल्या घंटा उतरवायच्या आणि त्याच्या हातात द्यायच्या. त्यात हुज्जत चालत नाही. मुक्या गाडीने घरी येणं म्हणजे नाक कापून घेऊन येणं. सासऱ्यांनी एकतीस वर्षांत एकही घंटा दिली नव्हती. त्यांच्या घरात बायबलच्या खालोखाल घंटांचा मान होता. त्यानंतर घोडे. माझा नंबर कितवा लागायचा ते मी कधी विचारलं नाही.

मला मात्र वाटायचं की आपण जन्मजात गाडीवान आहोत. चार फेऱ्या नीट पार पडल्या आणि माझे पाय जमिनीला लागेनात. गाडी सासऱ्यांनी बांधून घेतलेली, घोडे त्यांनी शिकवलेले, घंटा त्यांनी राखलेल्या. माझं स्वतःचं म्हणावं असं त्या गाडीत काही असेल, तर ती माझी टोपी आणि माझी जीभ.

फ्रेनी ही पुढच्या जोडीतली डावी. सहा घोड्यांना लगामाचा दोर एकच आणि तो तिच्या तोंडाशी जातो. ती वळली की बाकीचे पाच वळतात, ती थांबली की सगळे थांबतात. लगाम देताना सासऱ्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती. "दोर ओढायच्या आधी तिचे कान बघायचे." मी बघत असे, पण साहेबाने शिपायाकडे बघावं तसं.

हंगामातली ती शेवटची फेरी. ऑक्टोबर संपत आला होता. पिट्सबर्गहून व्हिस्कीची पिंपं आणि कातड्यांचे गठ्ठे भरून मी परत निघालो होतो आणि घर तीन दिवसांवर आलं होतं. संध्याकाळी खाणावळीत उतरलो तर तिथे शेतकऱ्यांची गर्दी. पिकं निघाली की हे लोक आपापल्या शेतगाड्या रस्त्यावर काढतात आणि माल वाहतात. आम्ही बारमाही गाडीवान त्यांना मोजत नसू. शेगडीजवळच्या जागा आमच्या, दारातला गारठा त्यांचा.

त्यातल्या एकाने तर चार बैल जुंपून आणले होते. अब्राम नेफ त्याचं नाव. साध्या पंथाचा माणूस, काळी रुंद टोपी, बिनबटणांचा कोट, दागिना-दिखाऊपणा काही चालत नाही असे ते लोक. कोपऱ्यात बसून तो निमूटपणे बटाट्याचं सूप पीत होता. मला राहवलं नाही.

"काय नेफभाऊ, वाट चुकलात काय? नांगर कुठे ठेवलात?"

सगळे हसले. नेफने जरा विचार केला आणि म्हणाला, "नांगर घरी आहे. गोठ्याच्या डाव्या बाजूला."

मग तर लोक आणखीनच हसले. मी म्हटलं, उद्या माझ्या फ्रेनीची धूळ खायची तयारी ठेवा, तुमच्या बैलांना चालेल का ते विचारून घ्या. तो म्हणाला, विचारतो. मला वाटलं, हा मनुष्य अगदीच भोळसट आहे. त्या खोलीत भोळसट कोण होतं, ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ठरलं.

पहाटे पाऊस पडून गेला होता. पुढे एक ओढा लागतो. तिथे खडी टाकून उतार केलेला आहे, पण तो अरुंद आणि पलीकडचा चढ खडा. शेतकरी आपली जनावरं एकमेकांच्या गाड्यांना जोडून एकेक गाडी पार करत होते. नऊ गाड्या रांगेत होत्या. माझी पाळी आली असती दुपारी. म्हणजे मंगळवारऐवजी मी बुधवारी घरी पोचलो असतो, आणि त्याने आभाळ कोसळणार नव्हतं. पण एकवीस घंटांच्या गाडीवानाने नांगरवाल्यांच्या मागे उभं राहायचं? डाव्या हाताला जरा खाली हिरवंगार गवत होतं आणि तिथे ओढा उथळ दिसत होता. मी गाडी तिकडे वळवली.

गवताच्या काठाशी फ्रेनी थांबली. मान खाली घालून जमिनीला नाक लावलं आणि फुरफुरली. मी दोर ओढला. तिने एक पाय पुढे टाकला, तो आत गेला, तिने काढून घेतला आणि मागे सरली. मी पुन्हा दोर ओढला, ती पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तेव्हा मी एवढाच विचार केला, की काठावरून वीस-पंचवीस शेतकरी बघताहेत आणि घोडी माझं ऐकत नाही.

मी चाबूक काढला. नऊ वर्षांच्या घोडीला तोवर कोणी चाबूक लावला नव्हता. सासरे चाबूक हवेत वाजवत, तेवढ्यावर भागत असे. मी तो तिच्या पाठीवर ओढला, दोनदा. ती गेली. सांगितलं ते करणारं जनावर आहे ते, याचंच मला आज वाईट वाटतं.

दहा पावलांवर पुढची चाकं आखापर्यंत गेली. मग मागची गेली. व्हिस्कीची पिंपं चिखलाला हलकी वाटत नाहीत.

दोन तास मी सगळं करून पाहिलं. फळ्या घातल्या, फांद्या घातल्या, देवाचं नाव घेतलं, मग ते सोडून दुसरीही नावं घेतली. शेतकरी आपल्या गाड्या शांतपणे पार करत राहिले. हसलं कोणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका बाईने तर सफरचंद भरून भाजलेल्या 'पाय'चा तुकडा फडक्यात बांधून माझ्याकडे पाठवला. मी तो खाल्ला.

तोवर दोन बारमाही गाडीवान येऊन पलीकडच्या काठावर उभे राहिले होते. घंटा द्यायच्याच तर आपल्यातल्या माणसाला द्याव्यात म्हणून मी त्यांना हाका मारल्या. त्यांनी चिखल बघितला, आपल्या घोड्यांकडे बघितलं आणि टोप्या सारख्या केल्या. मग नेफ आला. पलीकडे आपली गाडी सोडून तो बैल घेऊन परत फिरला होता. चिखलात गुडघाभर उतरून म्हणाला, "वाट बघायची असेल तर बघा भाऊ. पण तुमचा मधला घोडा थरथरतोय."

मी बाजूला सरलो. त्याने साखळी लावली. बैलांशी काहीतरी हळू आवाजात बोलला. चाबूक त्याच्याकडे नव्हताच. ते चार बैल असे निघाले की जणू बाजाराला चाललेत, आणि माझी निळी गाडी त्यांच्या मागोमाग गुमान वर आली.

मी पाचही कमानी उतरवल्या. नेफ म्हणत होता, अहो राहू द्या, रुतलेल्याला काढायचं कोणी काही घेतं का? पण पलीकडचे ते दोघे डोळे फाडून बघत होते. मी कमानी त्याच्या हातात कोंबल्या. आता बैलांना बांधाल ना, असं मी खवचटपणे विचारलं. एवढं होऊनही जिभेची खोड गेली नव्हती. तो म्हणाला, बैलांना नको, टपाच्या आत टांगतो, दुसऱ्याच्या वस्तूला ठेच लागायला नको.

घरी पोचलो तो बुधवारच उजाडला होता. सासरे मंगळवार दुपारपासून दाराशी बाकावर कान लावून बसले होते, असं सलोमीने मला नंतर सांगितलं. सलोमी म्हणजे माझी बायको. गाडी अगदी फाटकाशी आली तेव्हा कुठे म्हाताऱ्याने मान उचलली आणि विचारलं, कोण आहे?

तिथे खरं सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. म्हटलं, बाबा, मी योस्ट. घंटांचे पट्टे जुने झाले होते, म्हणून कार्लाइलला एका खोगीरवाल्याकडे दुरुस्तीला टाकून आलो. नाताळानंतर मिळतील.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"एकवीसच्या एकवीस."

सलोमीने गाडीभोवती एक चक्कर मारली, आखाला लागलेला वाळका चिखल नखाने खरवडला, फ्रेनीच्या पाठीवर बघितलं आणि मला गोठ्यामागे नेलं.

"बाबांना तू सांगतोस की मी सांगू?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. ती म्हणाली, उद्यापर्यंत तुला माझ्याकडून चहासुद्धा मिळणार नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, आणि मी बिनचहाचाच राहिलो.

शनिवारी शाळामास्तर आला. गावात नावं रंगवायचं काम तोच करतो. सासऱ्यांनी त्याला महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. मी पेटीपाशी गेलो आणि बघतो तर झाकण कोरं. सकाळी उठून म्हाताऱ्याने स्वतः बोटांनी चाचपत आपलं नाव खरवडून काढलं होतं. एकतीस वर्षांचं नाव. लाकडाचा भुसा अजून त्यांच्या बाहीला होता. त्या क्षणी मी सांगणार होतो, अगदी शपथेवर सांगतो. तेवढ्यात मास्तर म्हणाला, घंटा तर दिसत नाहीत, थांबायचं का?

सासरे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, घंटा सुखरूप आहेत.

"जावईबापू म्हणताहेत म्हणजे असतील," ते म्हणाले. "लिहा."

मास्तरने पिवळ्या रंगात ब्रश बुडवला आणि माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. सुरेख काढलं होतं. दुसऱ्या अक्षरासाठी त्याने ब्रश उचलला आणि लांब रस्त्यावर घंटा वाजल्या.

गोठ्यातून फ्रेनी खिंकाळली. सासरे बाकावरून उठून उभे राहिले. आधाराला काही न धरता ते उठलेले मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. कान तिरका करून ते ऐकत राहिले, आणि घंटा जवळ जवळ येत राहिल्या, अगदी सावकाश.

"घंटा माझ्या," ते म्हणाले. "पण चाल बैलांची आहे."

मग जरा थांबून म्हणाले, "जावईबापू, तुमचा खोगीरवाला फार प्रामाणिक दिसतो. घरपोच आणतोय."

नेफने गाडी फाटकात थांबवली, टोपी काढली आणि आपल्या संथ आवाजात येण्याचं कारण सांगितलं. त्याच्या पंथात असल्या वस्तू ठेवत नाहीत. चार खाणावळींत विचारत विचारत तो इथवर आला होता. या तुमच्या घंटा, त्या घ्याव्यात, एवढीच त्याची विनंती होती. सासरे म्हणाले, दिलेली घंटा परत घेता येत नाही. ती परत घ्यायची असेल तर तुम्हाला रुतावं लागेल आणि आम्हाला तुम्हाला काढावं लागेल. नेफ म्हणाला, पण मी रुतलेलो नाही. मास्तरने सुचवलं, फाटकापाशी थोडा चिखल आहे, एक चाक त्यात घालून रुतल्यासारखं करा. नेफने चिखलाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, यात काही रुतत नाही.

सासऱ्यांनी मग त्यालाच विचारलं, गाडी रुतली कशी? नेफने माझ्याकडे पाहिलं. "ते भाऊच सांगतील."

मी सुरुवात केली. म्हटलं, पाऊस फार होता. नेफ खोकला. म्हटलं, पाऊस तसा थांबला होता, पण उतारावर वाट बंद होती. नेफ पुन्हा खोकला. तो मनुष्य खोटं बोलू शकत नाही आणि दुसऱ्याची चुगलीही करू शकत नाही, मग खोकण्याशिवाय करणार काय? चौथ्या खोकल्याला माझ्यातला सगळा वारा निघून गेला. मी सगळं सांगितलं. रांग, गवत, फ्रेनी तीनदा थांबली ते, आणि चाबूक. चाबकाचं सांगताना माझा आवाज फाटला. मला इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

सासरे काठी टेकत गोठ्यात गेले. फ्रेनीच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी दोन वळ शोधले आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. मला वाटलं, आता काठी माझ्या पाठीवर बसणार. बसली असती तर मी हललो नसतो.

ते बाहेर आले आणि थेट नेफच्या गाडीपाशी गेले. टपाच्या आत हात घालून एकेक कमान बोटाने वाजवून पाहिली. पुढच्या जोडीच्या दोन कमानी दिसायला सारख्याच आहेत, पण त्यांनी एक सोडली आणि दुसरी काढून घेतली.

"ही फ्रेनीची. ही मी ठेवून घेतो. ती रुतली नाही, ती थांबली होती. रुतला तो गाडीवान." मग नेफला म्हणाले, "चालेल?"

नेफने विचार केला. नेहमीइतकाच वेळ घेतला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "बाकीच्या सोळा मी तुमची ठेव म्हणून गवतात गुंडाळून ठेवीन. मी रुतलो की यांनी येऊन न्याव्यात."

मास्तर ब्रश घेऊन ताटकळत उभा होता. रंग सुकत चालला होता. त्याने विचारलं, नावाचं काय करू?

सासरे माझ्याकडे वळले. या वेळी 'जावईबापू' असं म्हणाले नाहीत. "योस्ट, पाच घोडे, गाडी, माल आणि वर तू, एवढं सगळं वाटेवर कोण सांभाळतं?"

मी सांगितलं.

"मग ते नाव घाला, मास्तर."

मास्तरने माझ्या अक्षरावर निळा हात मारला आणि त्यावर पिवळ्यात लिहिलं, फ्रेनी. त्या दिवशी सलोमीने मला चहा दिला. नेफला दिला, मास्तरला दिला, आणि मग मला.

तेव्हापासून मी पाच घंटांवर गाडी हाकतो. सोळा नेफकडे आहेत. सहा वसंत झाले, दर वसंतात बर्फ वितळून रस्त्याचा लगदा होतो, आणि मी दर वेळी त्याच्या गाडीकडे मोठ्या आशेने बघतो. तो मनुष्य रुतत नाही. वाटेत भेटला की माझ्या मनातलं ओळखून म्हणतो, अजून नाही, भाऊ.

सासरे तिसऱ्या हिवाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना फारसं ऐकू येत नव्हतं, पण मी फेरीवरून आलो की सलोमी त्यांचा हात धरून दाबत असे, पाच वेळा. ते मान हलवत. गाडी आता माझ्या नावावर आहे, निदान कागदावर. झाकणावरचा रंग उडाला तेव्हा सलोमी म्हणाली, आता तरी तुझं नाव घाल, बाबा काही म्हणणार नाहीत. मी ब्रश घेतला, पेटीपुढे बसलो आणि पुन्हा फ्रेनीच लिहिलं. माझं अक्षर मास्तरइतकं सुरेख नाही, पण घोडीने अजून तक्रार केलेली नाही.

ऊन तिरपं पडलं की त्या नावाखालून माझं पहिलं अक्षर अजून थोडं दिसतं. सलोमी म्हणते, खरवडून टाक. मी ठेवलंय. तिच्या नावाखाली आहे, तेवढी जागा मला पुरते.